दोरीचं दुसरं टोक

शालन पडली तेव्हा मी तिच्यापासून दोनशे पावलांवर होतो. मधे रस्ता, गेट आणि माझा हेका. विद्यापीठाच्या मैदानी स्पर्धांचा दुसरा दिवस, सकाळचे अकरा वाजलेले. ती आत मैदानावर. विद्यापीठाची क्रीडा संचालक, गळ्यात शिट्टी, डोक्यावर पांढरी टोपी. मी रस्त्याच्या अलीकडं, यमुनाबाईच्या चहाच्या टपरीवर, बारा वर्षं ज्या बाकड्यावर बसत आलो त्याच बाकड्यावर. बायकोला मोटारसायकलवर गेटपर्यंत आणायचं, संध्याकाळी गेटवरून न्यायचं, स्पर्धा असल्या की दिवसभर बाकड्यावर बसायचं, पण आत पाय ठेवायचा नाही. ठेवायचा नाही म्हणजे तिनंच मला मैदानबंदी केलेली होती. का, ते पुढं सांगतो.

तिची शिट्टी मी झोपेतसुद्धा ओळखीन. एक लांब, दोन तोकड्या. त्या दिवशी लांब शिट्टी सुरू झाली आणि मधेच मोडली. हातातला कप मी खाली ठेवला. तेवढ्यात गेटवरचा गायकवाड पळत आला. "पैलवान, चला! मॅडम पडल्या!" मी उठून पळालो, पण गेटच्या लोखंडी पट्टीपाशी पाय थांबला. आईशप्पथ थांबला. बारा वर्षांत पायाला सवय लागली होती. मग गायकवाडनं पाठीत धपाटा घातला तेव्हा आत गेलो. गर्दी झाली होती. एक पोरगा मोबाईलवर शूटिंग करत होता, त्याच्या हातावर मी असा फटका मारला की मोबाईल जाऊन खड्ड्यात पडला. कुणा प्राध्यापकाला छातीत कोपर बसलं, त्याचा चष्मा पडला. त्याची मी माफी मागितलेली नाही आणि मागणारही नाही. आत ती गवतावर आडवी होती, पहिल्या वळणाच्या आतल्या बाजूला. ओठ काळेनिळे. मला बघितलं. मला वाटलं आता काहीतरी बोलेल, चाळीस वर्षांचं काहीतरी. तिची नजर माझ्या तोंडावरनं खाली गेली, पायावर आली. म्हणाली, "पैलवान, पाय उचला... लाईनीवर उभे हाय तुमी."

एवढंच. जीपमध्ये घातलं, नगर यायच्या आत संपली. घरात ती मला 'अहो' म्हणायची आणि मैदानावर 'पैलवान'. शेवटची हाक 'पैलवान' अशी आली. म्हणजे ती गेली ती ड्युटीवर गेली.

आज पाच आठवडे झाले. पेपरच्या पुरवणीत मोठमोठ्या साहेबांनी तिच्यावर लिहिलंय. ट्रॅक केला, मुलींचं वसतिगृह केलं, विद्यापीठाला ढाली आणल्या. सगळं खरं आहे. पण त्यांनी लिहिलेली बाई शांत, सोशिक, मायाळू आहे. तसली बाई माझ्या घरात कधी नव्हती. मी सहावी पास माणूस. माझ्या लिहिण्यात चुका असतील त्या पेपरवाल्यांनी सुधाराव्यात, पण माणूस सुधारू नये.

मी तिला पहिल्यांदा बघितलं ते रक्तात. आमची वस्ती सोनईच्या बाजूला. मी तेव्हा कुस्त्या करायचो, एका जत्रेत माझी कुस्ती होती आणि पलीकडच्या पटांगणात मुलींची कबड्डी. कुस्ती निकाली काढून मी अंगाला माती तशीच घेऊन बघायला गेलो. एक सडपातळ पोरगी चढाईला आलेली, तिला चौघींनी धरून आपटली. तोंड फुटलं. उठली, रक्त थुंकली, त्यात एक दाताचा तुकडा होता. तो उचलून तिनं ओढणीच्या गाठीला बांधला आणि पुढच्या चढाईला तिघींना मारून परत आली. मी आमच्या आबांना, म्हणजे वडिलांना, त्याच दिवशी सांगितलं, लग्न करीन तर हिच्याशी. आबा म्हणाले, "अरे, तिला इचारलंस का? का नुसतं दात बघूनच पसंत केली?"

लग्न झालं. आता जे लिहितो ते माझ्या मुलीला आवडणार नाही, ती पुण्याला असते, वाचून फोन करील. लग्नाच्या पहिल्या वर्षी मी शालनला एकदा थोबाडीत मारली. कारण काय, तर मी तालमीतून आलो आणि भाकरी तयार नव्हती, ती गल्लीतल्या पोरींना घेऊन कबड्डी शिकवत होती. मारली, आणि दुसरा हात उचलला. तो हात काही खाली आला नाही. ती खाली बसली, माझा घोटा दोन्ही हातांनी धरला आणि असा ओढला की मी, नव्वद किलोचा गडी, अंगणात उताणा. खांदा निखळला. सगळी गल्ली बघत होती. आबा ओट्यावर तंबाखू मळत बसले होते. माझ्याकडं बघून म्हणाले, "ऊठ की. का पंचांनी हात वर करायची वाट बघतो?" मग तिच्याकडं वळून म्हणाले, "सूनबाई, कुठवर शिकलीस?"

"बारावी झाली."

"मग पुढं शिक. हितं घरात राहिलीस तर माझं एकुलतं एक पोरगं मारशील."

असं तिचं शिक्षण झालं. लोक म्हणतात पैलवानानं बायकोला शिकवलं, मोठं मन. मन-बिन काही नाही. निखळलेला खांदा होता. परत हात उचलला नाही तोही शहाणपणानं नाही, पहिल्यांदा भीतीनं आणि मग सवयीनं. ती खेळाच्या शिक्षणाच्या परीक्षा देत गेली, मी शेत आणि म्हशी बघत गेलो. आधी कॉलेजात खेळाची मास्तरीण झाली, सगळे 'पी.डी. मॅडम' म्हणायचे, आणि पुढं विद्यापीठाची क्रीडा संचालक. त्या खुर्चीवर तिच्या आधी कधी बाई बसली नव्हती. बसल्यावर पहिल्या आठवड्यात तिनं ती खुर्ची ऑफिसातून उचलून मैदानाच्या कडेला झाडाखाली आणली. कागद तिथंच सह्या करायची. ज्यांना साहेबांचं एसी ऑफिस बघायची सवय होती ते उन्हात उभे राहून घाम पुसायचे आणि काम झटकन सांगून निघून जायचे. तेच तिला पाहिजे होतं.

मैदान आखायला माणूस मिळत नव्हता. ती म्हणाली, "तुमी या." मी रोजंदारीवर लागलो. चारशे मीटरचा ट्रॅक आखायचा म्हणजे गंमत नसते. वळणाच्या मधोमध खुंटी ठोकायची, साडेछत्तीस मीटरची दोरी ताणायची, एकानं खुंटीवर पाय देऊन उभं राहायचं आणि दुसऱ्यानं दोरी ताठ धरून गोल फिरत फक्कीनं, म्हणजे चुन्याच्या पांढऱ्या भुकटीनं, लाईन मारायची. खुंटीवरचा हलला की वळण बिघडलं, फिरणाऱ्यानं दोरी ढिली सोडली की वळण बिघडलं. हे मला तिनं शिकवलं. तालमीतले जुने जोडीदार हसायचे. "काय पैलवान, बायकोच्या हाताखाली का?" मी म्हणायचो, "हाताखाली तर पहिल्या वर्षीच गेल्तो, आता पगार मिळतोय." पण मनात लागायचं. खोटं कशाला लिहू.

मैदानावर ती कशी होती ते एका गोष्टीवरून सांगतो. पारनेरकडची एक पोरगी आठशे मीटर पळत होती. शर्यत चालू असताना तिचा बाप आला, तोंडानं घाण शिव्या, हाफपँटीत पळते म्हणून. ट्रॅकवर घुसला आणि धावत्या पोरीच्या झिंज्या धरल्या. पोरगी फरफटली, गुडघे सोलले. पंच बघत उभे. शालन गेली, त्या बापाचं मनगट धरून असं पिरगाळलं की गडी गुडघ्यावर आला. पोरीला म्हणाली, "पळ. अजून दीड चक्कर हाय." आणि बापाला तसाच धरून ठेवला, शर्यत संपेपर्यंत. तो ओरडतोय, "माझी पोरगी हाय, मी काय बी करीन!" ही म्हणते, "शर्यत संपल्यावर तुमची. आत्ता माझी." पोरगी शेवटून दुसरी आली. मग हिनं बापाचा हात सोडला, त्याला पाणी दिलं आणि पोरीच्या चपला त्याच्या हातात दिल्या. पुढची तीन वर्षं तो बाप प्रत्येक स्पर्धेला चपला धरून उभा असायचा. कुणी विचारलं तर मनगट दाखवायचा, जसं काही बक्षीस मिळालंय.

मारामाऱ्या मैदानावर रोजच्या. लोकांना वाटतं खेळ म्हणजे नुसती ढाल आणि फोटो. मी स्टंपनं फुटलेली डोकी बघितलीत, कबड्डीच्या मॅटवर उपटलेले केस बघितलेत, हरलेल्या टीमनं जिंकलेल्या टीमच्या टेम्पोवर केलेली दगडफेक बघितलीय. एकदा क्रिकेटच्या दोन टीम इतक्या भिडल्या की एका कॅप्टनचा कान निम्मा लोंबायला लागला. कमिटी बसली. सगळ्यांचं म्हणणं, दोन्ही कॅप्टनला काढून टाका. शालन म्हणाली, काढून टाकलं तर हे गावात जाऊन छाती काढून सांगतील. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघांना मैदानावर बोलावलं, एकाच्या कानाला पट्टी, दुसऱ्याच्या हाताला. एकाला खुंटीवर उभं केलं आणि दुसऱ्याच्या हातात दोरीचं टोक आणि फक्कीचा डबा. "अख्खा ट्रॅक आखायचा. वळण वाकडं आलं तर पुसून परत." चार वेळा पुसलं. पहिल्यांदा एकमेकांना आईवरनं शिव्या, दुसऱ्यांदा नुसतं थुंकणं, तिसऱ्यांदा गप्प, आणि चौथ्यांदा एक ओरडला, "ताण की लेका, ढिली पडली!" दुसऱ्यानं ताणली. शालन माझ्याकडं बघून म्हणाली, "झालं काम."

तेव्हापासून तो नियम पडला. जे भांडले त्यांनी दोरी धरायची. नाही धरली तर मैदानात पाय ठेवायचा नाही. आमदाराचा भाचा असो की ऊसतोड्याचा पोरगा.

आता माझं सांगतो.

त्या वर्षी मुलांच्या कबड्डीची फायनल होती. एका कॉलेजच्या टीमबरोबर विलास नावाचा कोच आला होता, श्रीगोंद्याकडचा, स्वतः चांगला खेळलेला. कॉलेजचं नाव लिहीत नाही. त्यांचा एक खेळाडू असा खेळत होता की समोरचे नुसते उडत होते. शालन मॅटच्या कडेला उभी. मधल्या सुट्टीत तिनं त्या पोराला जवळ बोलावलं, पाठीवर हात ठेवला आणि सहज विचारावं तसं विचारलं, "आईचं नाव काय रं बाळा?" पोरगा बोलून गेला. फॉर्मवर आईचं नाव वेगळं होतं. चुलत भावाच्या नावावर खेळत होता, शिक्षण कधीच संपलेलं. फॉर्म, फोटो, शिक्का सगळं जुळवलं होतं, बापाचं आडनाव तर एकच, पण आईचं नाव पाठ करून घ्यायचं विलास विसरला होता. शालननं माईक घेतला आणि टीम बाद केली.

मग जे झालं ते अर्ध्या मिनिटात झालं. खुर्च्या उडाल्या. तंबूचा खांब मोडला. एका पंचाचं नाक फुटून रक्त टेबलावरच्या कागदांवर. ती मधे उभी राहून शिट्टी वाजवतेय, एक लांब दोन तोकड्या, आणि विलास लोखंडी घडीची खुर्ची घेऊन आला. पंचाला मारायला आला की तिला, ते मला माहीत नाही. तिनं उजवा हात वर केला आणि खुर्ची त्या हातावर बसली. हाड मोडल्याचा आवाज मला लांबून ऐकू आला, वाळलेली फांदी मोडावी तसा. तिनं शिट्टी डाव्या हातात घेतली. वाजवतच राहिली.

मी ट्रॅकच्या खुंट्या ठोकत होतो, हातात लाकडी मोगरी होती. कसा पोचलो ते आठवत नाही. विलासच्या गुडघ्यावर पहिला घाव घातला, वाटी फुटली, तो खाली पडला. तिथं थांबायला पाहिजे होतं. मी थांबलो नाही. त्याच गुडघ्यावर अजून तीन घातले. तो ओरडायचा थांबला होता. मला छान वाटत होतं... खरं तेच आहे. मला लई छान वाटत होतं. मागून तिनं डाव्या हातानं माझी कॉलर धरली तेव्हा मोगरी पाचव्यांदा वर गेली होती.

दवाखान्यात तिच्या हाताला प्लास्टर चढवलं. मी बाहेर चहा पिऊन आत आलो तर ती कागद मांडीवर घेऊन डाव्या हातानं अहवाल लिहीत होती, पहिलीतल्या पोरासारखी वेडीवाकडी अक्षरं. मारामारी करणाऱ्यांची नावं. एक नंबरला माझं.

"माझं नाव का गं? हात तुझा मोडला त्यानं!"

"व्हय. त्याचं बी लिवलंय. दोन नंबरला."

"आणि मी एक नंबरला?"

"त्यानं एकदा मारलं. तुमी चारदा." मग प्लास्टरचा हात उशीवर ठेवत म्हणाली, "पयला माझ्यासाठी मारला, तो मी धरत न्हाई. पुढचे तीन कुणासाठी मारले?"

जोडीदारांचं हसणं, बायकोच्या हाताखालचा गडी, ते सगळं त्या तीन घावांत होतं. ते तिला माहीत होतं आणि मलाही.

पोलिसात दोन्हीकडून तक्रारी झाल्या आणि दोन्हीकडून मिटल्या. तिनं मात्र मिटवलं नाही. विलासला मैदानबंदी आणि मलाही. माझी रोजंदारी गेली. म्हणाली, "दोघांनी दोरी धरा, ट्रॅक आखा, बंदी उठली. पोरांना जो नियम तोच तुमाला."

"त्याच्याबरोबर दोरी धरू? त्याच दोरीनं गळा आवळीन त्याचा."

"म्हणून तर बंदी हाय," ती म्हणाली आणि दिवा घालवला.

अशी बारा वर्षं. घरात काही बदललं नाही. स्वयंपाक, म्हशी, मुलीचं लग्न, नातवाचं बारसं. तिचा हात जोडला गेला, पण थंडीत दुखायचा, मी एरंडेल गरम करून चोळायचो. त्यावर आम्ही कधी बोललो नाही. फक्त वर्षातून एकदा, स्पर्धेच्या आधी, ती मैदानाची दोरी घरी आणायची. बादलीत भिजवायची, अंगणातल्या दोन खांबांना ताणून वाळवायची. ओली करून ताणली की मग ऐन वेळी लांबत नाही. मग लेनच्या खुणांना लाल चिंध्या बांधायची, गुंडाळायची आणि ती गुंडाळी आणून माझ्या बाजेवर, माझ्या पायाशी टाकायची. तोंडानं काही नाही. मी उचलायचो आणि खिळ्याला लावायचो. सकाळी ती खिळ्यावरनं काढून घेऊन जायची. मी तिला गेटवर सोडायचो आणि यमुनाबाईच्या बाकड्यावर बसायचो. यमुनाबाई विचारायची, "पैलवान, औंदा तरी आत जानार का?" मी म्हणायचो, "चहा दे, बोलू नको."

पुढच्या वर्षी ती रिटायर होणार होती. मी मनात धरून बसलो होतो, की रिटायर झाली की बंदीचा विषयच संपला, मी जिंकलो. चाळीस वर्षांत एक तरी कुस्ती तिच्याशी मारली असती.

तेराव्याला मांडवात माणसं बसली होती आणि एक काठी टेकत लंगडत आलेला माणूस मागं उभा राहिला. केस पिकलेले. मी चालण्यावरनं ओळखलं, कारण ते चालणं मीच दिलेलं होतं. उठलो, जाऊन त्याची कॉलर धरली. मुलगी ओरडली, "अण्णा, सोडा!" विलासनं काठी खाली टाकली आणि म्हणाला, "मारा पैलवान. एक गुडघा शाबूत हाय अजून. पर मला आधी बोलू द्या."

"बोल."

"मी दोरी धरायला तयार हाय म्हनून मॅडमला सांगून नऊ वर्सं झाली."

माझा हात तसाच राहिला. तो बोलत गेला. पोरगा कॉलेजला आला, खेळायला लागला, आणि बापाला आत येऊन बघता येईना. म्हणून हा शालनकडं गेला, पाया पडला. ती म्हणाली, "एकट्यानं दोरी धरता येत न्हाई. पैलवान येतील त्या दिवशी." तेव्हापासून दर वर्षी मैदान आखायच्या दिवशी हा सकाळी यायचा, मागच्या गेटला बसायचा, बारा वाजेपर्यंत वाट बघायचा. ती स्वतः जाऊन त्याला चहा द्यायची आणि म्हणायची, "न्हाई आले. पुढच्या साली बघू." पोराचं कॉलेज संपलं, पोरगा नोकरीला लागला, तरी हा यायचा थांबला नाही.

नऊ वर्षं. त्याच दिवशी, त्याच वेळेला, मी पुढच्या गेटला बसलेला आणि तो मागच्या. मधे ती.

"मला का सांगितलं नाही तिनं?" मी विचारलं.

"मी बी इचारलं. म्हनल्या, सांगितलं तर येतील, बायकोचं ऐकून येतील. आन् बायकोचं ऐकून आलेला गडी दोरी ढिली धरतो."

मी त्याची कॉलर सोडली आणि मांडवाच्या खांबावर डोकं आपटलं. दोनदा. कपाळ फुटलं, रक्त डोळ्यात आलं. दुःख नव्हतं ते, राग होता. तिच्यावर, त्याच्यावर, माझ्यावर, कुणावर ते त्या वेळी कळत नव्हतं. विलासनंच खिशातला रुमाल काढून माझ्या कपाळावर दाबला. मी त्याला शिव्या देत होतो आणि तो दाबून धरत होता.

तिच्यामुळं थांबलेल्या स्पर्धा गेल्या आठवड्यात पुऱ्या झाल्या. विद्यापीठाचे नवे साहेब घरी आले, म्हणाले, श्रद्धांजलीचा कार्यक्रम आहे, तुम्ही स्टेजवर या, फोटोला हार घाला. मी म्हटलं, मला आत यायला बंदी आहे. ते हसले, "अहो, ती बंदी आता कुठली? मॅडमबरोबर गेली ती."

"नाही गेली," मी म्हटलं. "हार नको. आदल्या दिवशी सकाळी ट्रॅक मी आखणार. आणि मागचं गेट उघडं ठेवा."

सकाळी थंडी होती. मी पुढच्या गेटनं आत गेलो, दोरी खांद्यावर. तो मागच्या गेटनं आला. मधे खुंटीपाशी भेटलो. तो खुंटीवर उभा राहिला, दुखऱ्या पायानं खुंटी दाबून, कारण काठीचा आधार चांगल्या बाजूला घेता येत होता. मी दोरीचं टोक घेऊन साडेछत्तीस मीटर लांब गेलो आणि ताणली. वाटलं होतं मन निवळलं असेल. कुठलं निवळतंय. दोरी ताठ झाली आणि तिच्या हाडाचा आवाज परत कानात आला. दहा-पंधरा पावलं लाईन मारली आणि मी दोरीला झटका दिला. मुद्दाम दिला. खुंटी उपटली, तो तोंडावर आपटला. नाकातनं रक्त आलं. मी जागचा हललो नाही. तो हातावर उठला, तोंडातली माती थुंकली, खुंटी परत भोकात घातली आणि काठीनं ठोकली. पाय ठेवला. तिथनं ओरडला, "पैलवान, हे धरून पाच झाले! आता वळण आखायचं का?"

वळण वाकडं आलं होतं. कुणी सांगायची गरज नव्हती. मी मागं गेलो, वाकलो, हातानं फक्की पुसली आणि पहिल्यापासून मारली. ह्या वेळी ताठ धरली. त्यानंही धरली. पहिलं वळण निम्मं झालं आणि ती पडली होती ती जागा आली. महिनाभर मैदान बंद होतं, जुनी लाईन फिकट होऊन तशीच राहिलेली, आणि तिथं एका ठिकाणी पाऊलभर तुटलेली. माझ्याच पायानं तुटली असेल, नसेल, त्या दिवशी लई पाय पडले होते तिथं. मी उभा राहिलो. डबा हातात, फक्की गळतेय आणि एकाच जागी ढीग होतोय. लांबून विलासचा आवाज आला, "थांबू नका पैलवान. दोरी ढिली पडती."

मी ढीग हातानं पसरला, तेवढी जागा भरली, आणि पाय उचलून लाईनीच्या बाहेरून पुढं गेलो.

दुपारी ट्रॅक पुरा झाला. विलास निघताना म्हणाला, "पुढच्या साली?" मी म्हटलं, "नाक बरं होऊ दे आधी." हात मिळवला नाही. अजून तेवढं जमत नाही.

दोरी मी घरी आणली. बादलीत भिजवली, अंगणात ताणली, तुटलेल्या दोन चिंध्या नव्या बांधल्या. गुंडाळून बाजेवर टाकली, पायाशी, तिच्यासारखीच. ती अजून तिथंच आहे. खिळा रिकामा आहे. रात्री कुशीवर वळलो की पाय दोरीला लागतो, मग मी पाय आखडून घेतो.